खुंटीवरच्या शर्टाला हळद

माझा धाकटा भाऊ शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि व्हिसा संपला तरी तिथंच राहिला. "काहून राहिलास रे तिथं?" म्हणून मी फोनवर किती ओरडले! मग तिथल्याच एका मुलीशी त्यानं कोर्टात लग्न केलं. दोघांचा एकमेकांवर जीव होता, त्यात खोट नव्हती. वकील म्हणाला, रीतसर व्हिसावर आलायस, बायको इथली नागरिक आहे, तेव्हा इथं राहूनच कायमचं राहायचं ग्रीन कार्ड मिळू शकेल. पण त्याआधी देश सोडलास तर दहा वर्षं परत येणं अवघड.

म्हणजे इकडं गावी, तेलगावला यायचं तर बायको सोडायची, नाहीतर आईला फोनवरच बघायचं.

आईचं भलतंच. "हळद न्हाई लागली अन् म्हणं लगीन झालं!" तिनं खुंटीवरचा त्याचा जुना पांढरा शर्ट पाटावर ठेवला, गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि शर्टालाच हळद लावली. गाणी म्हणता म्हणता रडली. नवरदेवाची उष्टी हळद नवरीला जावी लागते, म्हणून उरलेली वाळवून तिकडं निघालेल्या ओळखीच्या बाईबरोबर धाडली.

आईच्या सुनेनं ती नेमकी मुलाखतीच्या आदल्या दिवशी लावली. तोंडाला, हातांना, चांगली थापून. लग्न खरं की कार्डापुरतं, हे तपासायची ती मुलाखत, आणि ही पिवळीधमक! साहेबाला हे सोंग वाटेल म्हणून भावाचा घाबराघुबरा फोन आला तशी मी आईवर घसरले. "झालं समाधान? आता लाव अजून हळद!" आई मात्र शर्ट कुणाला धुवू देईना.

मुलाखतीत साहेबानं आधी हळदीचंच विचारलं. सुनेनं सगळं सांगितलं, मी पाठवलेला फोटोही दाखवला. पाटावर शर्ट, शेजारी डोळे पुसणारी आई. साहेब तो फोटो बराच वेळ बघत राहिला म्हणे.

कार्ड मिळालं. वकील म्हणतो, कागद पक्के होते. आई म्हणते, "मंग! हळद लागली न्हवं?"

भावानं गावी यायचं तिकीट काढल्यावर आईनं तो शर्ट धुवायला घेतला. लई घासला, डाग काही निघेना. पिळून झटकला, दोन्ही हातांनी समोर धरला आणि एकदम मला विचारलं, "बाई, हुईल का गं त्याच्या अंगाला आता?"

मला रडूच फुटलं.