मागच्या रांगेतले ओठ

माझ्या बाबांना शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेला स्टीलचा तांब्या आमच्या घरी अजून आहे. बँकेच्या प्रत्येक बदलीत तो आमच्याबरोबर फिरला आणि शेवटी कोलकात्याला, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारी येऊन बसला. बाबांची पद्धत त्या तांब्याइतकीच जुनी आणि न वाकणारी होती. भाषण लिहायचं, शब्दन् शब्द पाठ करायचं, कपाटाच्या आरशासमोर उभं राहून म्हणायचं, उजवा हात कोणत्या वाक्याला उचलायचा तेही आधीच ठरवायचं. स्पर्धेच्या दिवशी ते मागच्या रांगेत बसत आणि माझ्याबरोबर सगळं भाषण बिनआवाजी म्हणत. मी अडखळले की त्यांच्या ओठांकडे बघायचे. पुढचा शब्द तिथे तयार असायचा.

नागपूरला आणि पुण्याला हे उत्तम चाललं. कोलकात्याला अकरावीत मी शाळेच्या डिबेट टीममध्ये गेले आणि पहिल्याच दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. इथे आपण बोलत असताना समोरच्या टीममधलं कुणीही उठून उभं राहतं आणि मधेच प्रश्न विचारतं. आपण हाताने ‘बसा’ अशी खूण करू शकतो, पण एकही प्रश्न घेतला नाही तर परीक्षक गुण कापतात. मी प्रत्येक वेळी सगळ्यांना बसवत होते. लोकांना वाटायचं, मुलगी फार तोऱ्यात आहे. मी नुसती घाबरलेली होते.

आमचे डिबेटचे सर मोजकं बोलणारे बंगाली गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, “तू चांगलं बोलतेस, पण मला वाद घालणारी मुलगी हवी आहे. शनिवारी प्रश्न घे आणि स्वतः उत्तर दे. नाही घेतलास, तर दिल्लीच्या स्पर्धेला तुझ्या जागी राखीव मुलगी जाईल.” राखीव मुलगी तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली, पण मला तिचा राग आला तो आलाच. मला दिल्लीला जायचंच होतं. कोलकात्यात मला ओळखत होते ते फक्त या टीममुळे. एरवी मी वर्गातली बंगाली न येणारी मुलगी होते.

घरी येऊन बाबांना हे सांगितलं तर ते मुळीच घाबरले नाहीत. “प्रश्न येऊन येऊन किती येतील?” म्हणाले, आणि कागद-पेन घेऊन बसले. समोरचे काय काय विचारू शकतील ते सगळे प्रश्न त्यांनी लिहून काढले, त्यांची उत्तरं लिहिली, आणि ती माझ्याकडून पाठ करून घेतली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, समोरच्या मुलांनी पण हेच पाठ केलं असेल का?” बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

विषय असा होता: शहरांनी जुनी वैरं विसरून जावीत. सकाळी एका शाळेशी आम्ही ‘विसरावीत’ म्हणून बोलायचं आणि जिंकलो तर दुपारी दुसऱ्या शाळेशी, त्याच विषयावर, नेमकं उलट. डिबेटमध्ये असंच असतं. बाबांना हे जरा अनैतिक वाटे, पण त्यांनी दोन्ही बाजूंची भाषणं इमानदारीने पाठ करून घेतली.

स्पर्धा बागबाजारजवळच्या एका शाळेत होती. शनिवारी सकाळी माझी पाळी आली तेव्हा हॉल भरलेला होता आणि बाबा ठरल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत होते. मी बोलायला लागले, त्यांचे ओठ हलायला लागले. निम्मं भाषण झालं आणि समोरच्या टीममधली चष्मेवाली मुलगी उठली. सर पुढच्याच रांगेत हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होते. घोडामैदान जवळच होतं. मी म्हटलं, विचारा.

ती हसत म्हणाली, “विसरा म्हणणं तुम्हाला सोपं आहे. तुम्ही मराठी आहात ना? तुमच्या स्वारांच्या भीतीने या शहराने जो खंदक खणला, तो इथूनच सुरू होत होता. बर्ग्यांनी आम्हाला विसरायला सांगावं का?”

हॉल हसला. बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. इथली आजी नातवंडांना अजून त्यांची भीती घालते. आमच्या शेजारच्या माशिमा, म्हणजे बंगाली मावशी, मला लाडाने बर्गी म्हणत, तेव्हा गंमत वाटायची. त्या हॉलमध्ये कानशिलं तापली. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. त्यांनी लिहिलेल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. शिवाजी महाराजांवर लहानपणी तोंडपाठ बोललेल्या माणसाला हा प्रश्न सुचणारच नव्हता, आणि मला तो सुचला नाही कारण मी त्यांचीच मुलगी.

मग राग आला, आणि रागानेच वाट काढली. मी म्हटलं, “तो खंदक पुरा खणून झालाच नाही. ज्यांच्या भीतीने खणला ते या शहरात आलेच नाहीत. पुढे तो बुजवला आणि त्यावर रस्ता झाला. आले ते आम्ही. बाबांच्या बदलीवर, एक फ्रिज आणि तीन ट्रंका घेऊन. आणि शेजारच्या बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला जेवायला वाढलं. त्या विसरल्या नसत्या, तर आम्ही उपाशी झोपलो असतो.”

टाळ्या पडल्या. चष्मेवालीनेही वाजवल्या. सरांनी हाताची घडी सोडली. पण फेरी आम्ही जिंकलो होतो, आणि दुपारची बाजू उलटी होती.

मधल्या सुट्टीत बाबा मला भेटले ते भारावलेलेच. डब्यातला पराठा हातात तसाच धरून त्यांनी माझं उत्तर मला पुन्हा म्हणून दाखवलं. “फ्रिजनंतर जरा थांबायचं,” म्हणाले, “तिथे हात उचल.” मला म्हणायचं होतं, बाबा, दुपारी हेच मला खोडायचंय. पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. सर येऊन एवढंच म्हणाले, “दुपारी पण एक प्रश्न घे.” माझी जागा अजून टांगणीला होती.

दुपारी समोर असलेल्या शाळेतला उंच मुलगा सकाळी हॉलमध्ये बसलेला मी पाहिला होता. तो उठणार हे मला माहीत होतं, काय विचारणार तेही. मी ‘विसरू नये’ या बाजूचं पाठ केलेलं भाषण म्हणत होते आणि नजर त्याच्या खुर्चीवर होती. तो उठला. मी हात पुढे करून त्याला बोलू दिलं.

“सकाळी तुम्ही सांगितलंत,” तो म्हणाला, “आले ते आम्ही, एक फ्रिज आणि तीन ट्रंका घेऊन. शेजारच्या बाई विसरल्या म्हणून तुम्ही जेवलात. मग सकाळी खोटं बोलत होतात की आता?”

मी मागे बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. त्या मुलाबरोबर ते माझं सकाळचं उत्तर म्हणत होते, शब्दन् शब्द, आणि फ्रिजनंतर जरा थांबले. त्यांना ते पाठ झालं होतं. मला रडू येईल असं वाटलं. मग मी त्यांच्याकडे बघणं थांबवलं आणि त्या मुलाकडे बघितलं.

“सकाळी मी म्हणाले, त्या बाई विसरल्या,” मी म्हटलं. “ते चूक होतं. त्या मला बर्गी म्हणून हाक मारतात. त्यांना सगळं आठवतं, आणि तरी त्या वाढतात. ज्याच्या लोकांच्या भीतीने खंदक खणला, त्याला ‘विसरा’ म्हणणं सोयीचं असतं. सकाळी मी माझी सोय बघितली. विसरायचं की नाही हे खणणाऱ्यांनी ठरवायचं, मी नाही.”

टाळ्या झाल्या नाहीत. तो मुलगा बसला. उरलेलं भाषण मी पाठ केलेलं म्हटलं की नवीन, ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी पुन्हा मागे बघितलं नाही.

ती फेरी आम्ही थोडक्यात हरलो. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि राखीव मुलीसमोरच दिल्लीच्या गाडीची वेळ सांगितली. मला जिंकल्याहून जास्त आनंद झाला.

टॅक्सीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी महाराजांचा अपमान केला असं त्यांना वाटत असेल, या धास्तीने मी अंग चोरून बसले होते. गाडी त्या बुजवलेल्या खंदकावरच्या रस्त्याने चालली होती.

“दुपारी उत्तर देताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस,” ते म्हणाले.

“हो.”

“मी चुकीचं उत्तर म्हणत होतो ना?”

त्यांनी डब्याची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

“दिल्लीला आईला घेऊन जा,” बाबा म्हणाले. “तिला काही पाठ होत नाही.”