बाबा 'भावी' झाले तेव्हा

मी हे लिहितोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे लाइट बिलाच्या तक्रारीचा अर्ज, आणि त्याचंही उत्तर आलेलं नाही. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. त्यामुळे चुका होतील. एक तर होऊनच गेली आहे. दोन अक्षरांचा एक शब्द लिहून मी माझ्या बाबांचं आणि मोठ्या काकांचं बोलणं बंद पाडलं.

आंबिवलीत आमची दोन घरं एकाच ओट्यावर आहेत. मधे दार आहे, पण त्याला कडी नाही. लावायची वेळच आली नव्हती. काका सकाळचा चहा आमच्याकडे प्यायचे, बाबा त्यांच्याकडे. (चहा एकाच दुधाचा. तरी दोघांना दुसऱ्याच्या घरचा गोड लागायचा.) काका गावदेवी जत्रा मंडळाचे अध्यक्ष. पालखीचा पुढचा खांदा त्यांचा, मागचा बाबांचा. बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. मागचा खांदा मिळतो याचंच त्यांना कौतुक!

त्याच सुमारास आम्हाला अभ्यासाला एक जुनी शोकांतिका होती. शूर सेनापती, राजाचा लाडका. वाटेत तीन बायका भेटतात आणि सांगतात, तू राजा होणार. एवढ्यावरून तो आपल्या घरी पाहुण्या आलेल्या राजाला मारतो, आणि शेवटी स्वतःही मरतो. मॅडमनी विचारलं, "दोष कोणाचा?" मी भीत भीत हात वर केला.

"मॅडम, महत्त्वाकांक्षा त्याच्या आतच होती. त्या बायका नुसत्या बोलल्या."

"छान," मॅडम म्हणाल्या.

मला आयुष्यात पहिल्यांदा वर्गात कोणी छान म्हटलं. त्या 'छान'च्या धुंदीतच मी कल्याणला बॅनरच्या दुकानात शिरलो. बाबांचा पन्नासावा वाढदिवस होता.

"पद काय टाकू?" दुकानदाराने विचारलं.

"पद नाही. मेकॅनिक आहेत."

"मेकॅनिक टाकू?"

"नको."

"मग भावी टाक ना, भाई! भावीला परमिशन लागत नाय. पूर्ण कल्याण-डोंबिवलीत लोक भावीच आहेत."

"भावी काय पण?"

"तुमच्याकडे जत्रा असते ना? भावी अध्यक्ष!"

मी हो म्हणालो. खरं सांगतो, काकांना खाली पाडायचं माझ्या मनात नव्हतं. ग्रीसने काळे झालेले बाबा एकदा तरी मोठे दिसावेत, एवढंच होतं. (खाली 'शुभेच्छुक' म्हणून हाताची घडी घातलेला माझाही फोटो होता. बाबांपेक्षा थोडासाच लहान.)

बॅनर लागला तो नेमका काकांच्या दारासमोर. खांब तिथेच होता!

बाबा ड्युटीवरून आले आणि बघत राहिले.

"भावी म्हणजे काय रे?"

"होणार असलेले."

"कोण बोललं?"

"कोणी नाही. म्हणजे... मीच."

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ते पुन्हा वाचू लागले. दुसऱ्या दिवशी डेपोत पांढरा शर्ट घालून गेले. इंजिनाखाली झोपून काम करणारा माणूस, पांढऱ्या शर्टात!

मी घाबरलो. सावध करावं म्हणून जेवताना आईला ते नाटक सांगितलं. "आय, त्याची बायकोच त्याला भरीला घालते बघ. मग सगळ्यांचा सत्यानाश!"

आईने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "बायको हुशार व्हती म्हनायची," ती म्हणाली आणि बाबांकडे वळली. "येवढी वर्सं दादूसच का पुढं? तुमचा खांदा काय भाड्याचा हाय?"

तेवढ्यात मधल्या दारातून काका आले. हसत होते. "काय रं मेकॅनिक, भावी झालास म्हनं!"

रोजचे बाबा यावर खो खो हसले असते. ते म्हणाले, "झालो तर काय बिघडलं, दादूस?"

काकांचं हसू तसंच राहिलं, नुसतं चेहऱ्यावर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिवलं कोनी?"

"मी."

"शिकलास खरा," काका म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मंडळाच्या बैठकीत बाबा उभे राहून म्हणाले, "यंदा बदल पाहिजे." बाकी कोणाला तोंड उघडायची गरजच पडली नाही. काकांनी कमरेची देवळाची किल्ली काढून सतरंजीवर ठेवली आणि चपला घातल्या.

जत्रेला बाबा पुढे लागले. काका आलेच नाहीत. दोघे भाऊ एका उंचीचे, म्हणून पालखी इतकी वर्षं सरळ जायची, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. या वेळी मागे लागला गावातला सर्वांत उंच माणूस! पालखी पुढे झुकली. आतला नारळ घरंगळून बाबांच्या पाठीत बसला. लोक हसले. नारळ परत ठेवला, परत बसला. असं वेशीपर्यंत! घरी आल्यावर आई त्यांच्या पाठीला हळद लावत होती आणि पलीकडून काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. काकांनी मधल्या दाराला कपाट लावलं.

गेल्या रविवारी काकू रिक्षा स्टँडवर भेटल्या. मी खाली मान घालून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली.

"बाला, एक सांगू? यंदा ते तुज्या बापालाच अध्यक्ष करनार व्हते. पन्नाशीचा म्हनून. फुलवाल्याला हारसुद्धा सांगितलेला. मना बोलले, आता बोलू नको, जत्रेतच कलू दे त्याला."

"मग काकू, निदान मला तरी सांगायचं!"

"सांगनारच व्हते. तवर तुजा बॅनर लागला."

रिक्षा आली. काकू बसल्या आणि वाकून म्हणाल्या, "बापाला सांगायचं तं तूच सांग. तू शिकलेला हायस."

आठ दिवस झाले. रोज मी बाबांसमोर जाऊन उभा राहतो. ते वर बघून विचारतात, "काय रे?" मी म्हणतो, "काही नाही, पाणी." इतकं पाणी मी जन्मात प्यायलो नव्हतो.