आर्लिसची धमकी आणि डेलमारचे पाइप

मिनेसोटात माणूस मरायला टेकला तरी 'कसा आहेस' विचारल्यावर 'वाईट नाही' म्हणतो. डेलमार रुस्ताद त्यातलाच. जन्मभर शाळेची बस चालवली, मग घर विकलं आणि बायकोला घेऊन आमच्या तळ्याकाठच्या कॅम्पात ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला आला. कशासाठी, तर हिवाळाभर बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडून बसता यावं म्हणून. मासे त्याला ओळखत असावेत, कारण जवळ येत नाहीत.

बायको आर्लिस. बोलणं कमी, पण बोलली की काळ्या दगडावरची रेघ. मागच्या हिवाळ्यात ट्रेलरचे पाइप गोठले आणि तिला शेजारी माझ्याकडे आंघोळीला यावं लागलं. यंदा थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता तिने सगळ्या कॅम्पासमोर सांगितलं, "ह्या वर्षी एकदा जरी पाइप गोठले, तर मी तिकडे वाळवंटात, युमाला बहिणीकडे चालले. परत यायचं की नाही, ते तिथे ठरवीन."

कुणीतरी घाईने बटाटे पुढे केले.

तेव्हापासून डेलमारने कंबर कसली. ट्रेलरभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचले. ते हरणांनी खाल्ले, त्याने पुन्हा रचले. बाहेरच्या नळीला विजेची गरम पट्टी गुंडाळली. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवली, म्हणजे ऊब आत पोचावी. मागच्या वर्षी, वाहतं पाणी गोठत नाही म्हणून, पक्क्या घरातल्यासारखा नळ ठिबकत ठेवला होता, तर ते थेंब सांडपाण्याच्या नळीत गोठून नळीचा सोटा झाला होता. ती चूक त्याने यंदा केली नाही. नवीन केली.

आर्लिसचे पाय गार पडतात म्हणून त्याने खोट्या ज्वाळांचा एक भलामोठा विजेचा हीटर आणला. आत इतकं गरम झालं की घर गार पडलं की आपोआप पेटणारी गॅसची भट्टी पेटेचना. आणि ट्रेलरच्या फरशीखालचे पाइप तर त्या भट्टीच्याच हवेवर जगतात. वर दोघं घामाघूम, खाली पाइपांतल्या पाण्याचा दगड झालेला.

सकाळी आर्लिस कोटाखाली किटली लपवून माझ्या दारात.

"लोरेन, कॉफीपुरतं पाणी दे."

"गोठले?"

"हळू बोल. तो बाहेर पेंढा लावतोय."

"अगं, मग युमा?"

"तेच तर. गोठले म्हटलं की जावं लागेल मला. बोलून बसलेय ना."

"मग नको जाऊस."

चर्चची दानपेटी फोडायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तिथे करू काय? बहिणीची मांजरं मोजू?"

कॅम्पातल्या विहिरीचं पाणी गंजकं, म्हणून मी पिण्याला दुकानातलं आणते. त्यातलं किटलीभर दिलं आणि तमाशा बघायला तिच्या मागोमाग गेले.

डेलमार आत आल्याआल्या ती म्हणाली, "तो हीटर बंद कर. डोळे कोरडे पडतात माझे."

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण बंद केला. थोड्या वेळात भट्टी गुरगुरायला लागली. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि कपात बघितलं.

"आज गंजाची चव नाही."

"पाणी आधी जरा वाहू दिलं," आर्लिस म्हणाली.

डेलमारने सिंककडे बघितलं. सिंक कोरडं ठणठणीत. बसच्या आरशातून पोरांच्या लबाड्या ओळखण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग तो उठला आणि हीटर माझ्या हातात दिला.

"लोरेन, तू घेऊन जा हा. हिचे डोळे कोरडे पडतात."

दोघांचाही मला राग आला, आणि दोघंही फार आवडले.

दुपारी आम्ही पत्ते खेळत होतो. आर्लिसने सकाळपासून उघडा सोडलेला नळ एकदम खोकला, थुंकला आणि धो धो वाहायला लागला. मान कुणीच वळवली नाही.

"पाणी कसं आहे?" डेलमारने पत्त्यांवरची नजर न काढता विचारलं.

"वाईट नाही," आर्लिस म्हणाली, आणि नळ बंद करायला उठली.