भुरीचे दहा दिवस

माझी गुणाबाई मावशी तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासोळ्या धरायची. पायाला साप लागला तरी "जा रे बाबा" म्हणायची. अशी बाई १९५४ साली स्वतःच्या मांजरीला घाबरली.

भुरी तेरा वर्षांची. महिनाभर ती सारखी पाणी प्यायची, घरभर मुतायची आणि वाळत चालली होती. मुतते म्हणून मावशीने पाण्याचं गाडगंच उचलून ठेवलं. काय ते शहाणपण! दोन दिवसांत भुरीच्या तोंडातून लाळ गळू लागली. मावशीने जबडा उघडायला बोट घातलं आणि भुरी कडकडून चावली.

शेजारचा डोमा काठी घेऊनच आला. मागल्या साली पिसाळलेला कोल्हा चावून त्याचा भाऊ लटारू मेला होता. शेवटी पाण्याचा लोटा पाहून किंचाळायचा. डोमा म्हणाला, "बाई, ते पिसाळली. मारू दे मले तिले."

मावशीची पाचावर धारण बसली. तरी तिने काठी अडवली, भुरीला टोपलीत घालून वर जाळं बांधलं आणि चामोर्शीच्या ढोरांच्या डॉक्टरकडे चालत गेली.

डॉक्टरांनी भुरीचं तोंड हुंगलं, पोट चाचपलं. "म्हातारपणानं हिचे गुर्दे झिजलेत. त्यात पाणी तोडलंत, म्हणून तोंड आलंय. बरी होणार नाही. पण पाणी भरपूर द्या, खारी मासोळी बंद. पिसाळली नाही, हे मात्र आज सांगता येत नाही. बोट साबणानं धुवा, हिला दहा दिवस बांधा. जगली तर तुम्हाला धोका नाही. आधी मेली, तर लगेच चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पोटात चौदा सुया."

मावशी काठीने गाडगं पुढे सरकवायची, बिनमिठाचा मासोळीचा रस्सा ठेवायची आणि दूर पळायची. भुरी ओकली की हिला रडू फुटायचं. भुरी पाणी प्यायली की ही स्वतः लोटा तोंडाला लावायची, घशाखाली उतरतं का ते बघायला.

सातव्या दिवशी भुरी उठलीच नाही. मावशी काठी टाकून जवळ गेली, तिला मांडीवर घेतलं आणि चावलेल्याच बोटाने तिच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडत दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी भुरीने ते बोट चाटलं.

अकराव्या दिवशी डोमाने येऊन दोरी सोडली. भुरी दोन पावलं गेली आणि गाडग्याशी बसली. मावशी ढसाढसा रडू लागली.

"सुटली ना बाई तू! आता काऊन रडून राह्यली?"

"दहा दिवस मोजले, ते माह्या जिवासाठी मोजले, डोमा. तिचे किती राह्यले, हे डॉक्टरले इचारलंच नाई मी."

आणि ती गाडगं भरायला उठली.