मंजुनाथच्या देखत

गिरीराज सरांना राग आला नाही असा दिवस मारतहळ्ळीत अजून उजाडायचा आहे. सिग्नलवर राग, लिफ्टमध्ये राग, चहात साखर जास्त म्हणून राग. "आमच्या ह्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर मावत नाही, खाली सांडतो," असं त्यांची बायको रत्नाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि त्याचाही त्यांना राग येतो.

सरांचं घराणं शहाजीराजांच्या काळात फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, पण ‘जरा’ऐवजी ‘स्वल्प थांब’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी, सरी’ घातल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. पुण्याकडची माणसं ते ऐकून गालात हसतात. हसोत बापडी.

सरांनी उभी हयात इथल्याच शिवाजीनगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. शाळा बंद पडली, तिथे दुकानांचे मजले चढले, आणि सर मारतहळ्ळीतल्या एका कंपनीत कंत्राटावर लागले. परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या पोरापोरींचं इंग्रजी सुधारायचं, हे त्यांचं काम. त्यातही त्यांची खास चीड एका गोष्टीवर. कॅन, विल, शुड यांच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये ‘ईझिली’, ‘सून’, ‘आल्वेज’ असले शब्द बसतात. मराठी घ्या की कन्नड घ्या, आपण ‘सहज बदलता येईल’ म्हणतो, ‘सहज’ आधी आणि ‘येईल’ शेवटी. म्हणून पोरं ‘ईझिली यू कॅन चेंज’ म्हणून मोकळी होतात. सर तीन खुर्च्या मांडायचे. एकीवर ‘कॅन’, एकीवर ‘चेंज’, आणि मधल्या खुर्चीवर ‘ईझिली’ होऊन कुणीतरी बसायचं. पोरं हसायची, सर ओरडायचे, वाक्य डोक्यात राहायचं. शब्द इकडचा तिकडे झाला तरी गिऱ्हाइकाला कळतंच, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पण शिकवायचं तर नीट शिकवायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

यंदा कंपनीत फोनला उत्तरं देणारं मशीन आलं. माणसं कमी करायची होती, पण ‘काढतो’ असं तोंडाने म्हणायचं नव्हतं. मग इंग्रजीची तोंडी परीक्षा निघाली. नापास होईल त्याला महिनाअखेर नारळ. परीक्षक दोघं, गिरीराज सर आणि संपदा मॅडम. संपदा पुण्याची, सरांच्या मुलीच्या वयाची, बोलायला गोड. किती जण पडले पाहिजेत ते तिला वरून सांगून ठेवलेलं होतं.

सकाळी पहिला आला मंजुनाथ. हा पूर्वी कोरमंगलात ऑटो चालवायचा. ऑटो विकून, इंग्रजी शिकून या नोकरीत शिरलेला. पत्ता कसा बदलायचा ते गिऱ्हाइकाला सांग, असा प्रश्न होता. मंजुनाथ ताठ बसून म्हणाला, "ईझिली यू कॅन चेंज द ॲड्रेस, मॅडम."

संपदाने चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू दिलं नाही. मराठीत म्हणाली, "सर, झालं आपलं काम. ॲडव्हर्बवर कापा. पुढचे प्रश्नही त्यावरच काढू या, हा दरवेळी तिथेच पडणार. आणि हो, तुमच्या कंत्राटाचं रिन्यूअल माझ्याच टेबलवर आहे हं."

पोटावर सुरी ठेवावी आणि वर हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, तसं ते बोलणं. या ऑफिसात मराठी म्हणजे दार लावून घेतलेली खोली, असाच तिचा समज. सरांच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती डोक्यातच राहिली. ‘चूक ती चूकच,’ त्यांनी स्वतःला समजावलं. ‘खुर्च्या मांडून शिकवलं होतं, याने लक्षात ठेवलं नाही, मी काय करू?’ पुढचे दोन प्रश्न तसलेच काढले. कॉम्प्युटरवर शून्य टाकलं. मंजुनाथ उठला, थँक यू सर म्हणाला आणि गेला.

जेवताना त्यांनी सगळा राग डब्यातल्या बिसीबेळे भातावर काढला. मीठ कमी होतं म्हणे.

दुपारी शिवलीला आली. ही निपाणीची. घरात कन्नड, बाजारात मराठी, दोन्ही जिभेवर सारखीच. ऑफिसात ती कन्नड आणि इंग्रजीच बोलायची, त्यामुळे तिला मराठी येतं हे संपदाच्या गावीही नव्हतं. सरांना मात्र माहीत होतं. जिन्यात भेटली की दोघं मराठीत बोलायची. त्यांनी संपदाला सावध करायला हवं होतं, नाहीतर शिवलीलाला. त्यांनी दोन्ही केलं नाही.

शिवलीलाने छान उत्तरं दिली. एकदाच घसरली. "यू विल गेट सून द रिफंड."

"हिलाही इथेच धरा," संपदा हसतमुखाने मराठीत म्हणाली. "फोनवर बोलते तेव्हा म्हशी हाकल्यासारखं वाटतं. आणि ही काही भांडणारी नाही, बघा ना चेहरा."

शिवलीलाने संपदाकडे पाहिलंच नाही. तिने सरांकडे पाहिलं, आणि नजर हटवली नाही.

सरांच्या कानशिलांतून जाळ निघायला लागला. आधी राग आला संपदाचा. मग शिवलीलाचा. हिला तोंड नाही का? समोर बसून अपमान ऐकते आणि गप्प राहते? मग त्यांच्या ध्यानात आलं, की ती आपण काय बोलतो त्याची वाट बघतेय.

"शिवलीला," ते मराठीत म्हणाले, "मॅडम काय म्हणाल्या ते कळलं ना तुला?"

"कळलं की, सर. म्हशी आमच्या घरात हाईतच, त्याचं काय वाईट वाटत न्हाई मला. पन कापायचं आधीच ठरवलंय, मग परीक्षा कशाला घेतासा?"

संपदाचा चेहरा उतरला. "अगं, तुला मराठी... आय मीन, मी गंमत करत होते."

"गंमत नव्हती, मॅडम," सर उभे राहिले. आवाज बाहेर मजल्यावर गेला, जाऊ दे. "एक शब्द पुढे-मागे झाला म्हणून कुणाचा रिफंड अडत नाही. पोरांनी नीट बोलावं म्हणून मी ते शिकवलं, त्यांचे गळे कापायला नाही. हिला मी पास केलंय. आणि माझं रिन्यूअल राहू द्या तुमच्याच टेबलवर."

बाहेर येताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा राग योग्य जागी पडला होता. मागून शिवलीला आली. आता आभार मानेल, आपण ‘असू दे गं’ म्हणायचं, एवढं त्यांनी मनात ठरवूनही ठेवलं.

"सर," ती म्हणाली, "सकाळी मंजुनाथला पन असंच केलंसा काय?"

सर जिन्याकडे बघू लागले.

"त्याला मराठी कळत न्हाई म्हणून?"

एवढं विचारून ती आपल्या जागेवर गेली, हेडफोन लावला आणि फोन घेऊ लागली.

सर तिथेच उभे. जगात ज्याच्यावर रागवायचं राहिलं होतं असा एकच माणूस होता, आणि त्याच्यावर ओरडता येत नव्हतं. शिवलीलाला कळत होतं म्हणून त्यांना लाज वाटली होती. मंजुनाथसमोर लाज वाटायचं कारणच नव्हतं, कारण त्याला काही कळतच नव्हतं. सगळं धैर्य ते एवढंच.

ते तडक परत आत गेले. "सकाळचं शून्य खोडा," म्हणाले. संपदा आता हसत नव्हती. "सर, ते वर गेलं. आता नाही बदलता येत." सरांनी तिच्यासमोरच बसून वरच्या साहेबांना कळवलं, की मार्क खोटे आहेत, आणि ते मी टाकले आहेत. मग जिना उतरून खाली गेले.

मंजुनाथ गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. सरांनी त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द. आपण शून्य टाकलं तेही. बोलताना आवाज चढवायची त्यांना सवय, पण या वेळी तो चढेना. आता हा भडकेल, शिव्या देईल, देऊ दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मंजुनाथ भडकला नाही. त्याने ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही दोघं बोलत होता तेव्हा मी हसत होतो, सर," तो म्हणाला. "मॅडम हसून काही सांगत होत्या, तुम्ही मान हलवत होता. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. पास झालो म्हणून घरी फोनसुद्धा केला."