मुलाविरुद्ध नर्मदाबाईंची साक्ष

वटार गावच्या नर्मदाबाई आयुष्यात एकदाच पोलिसांशी खोटं बोलल्या. ते निस्तरायला पुढची पाच वर्षं गेली.

नवरा गेल्यावर केळीची वाडी त्यांनी एकटीनेच सांभाळली होती. एकुलता मुलगा पियुष लग्नानंतर विरारला, मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन राहिला. सून सुरुची एका दवाखान्यात कामाला होती. त्या दुपारी नर्मदाबाई नातीसाठी, अक्षयासाठी, वेलची केळी घेऊन गेल्या. अक्षया शाळेतून यायची होती. दार नुसतं लोटलेलं. आत पियुष सुरुचीचे केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटत होता. नर्मदाबाई किंचाळल्या तेव्हा त्याने हात सोडला, पण सुरुची काही उठली नाही.

"आई, ती पाय घसरून पडली. एवढंच सांग. मला वाचव."

पोलिसांना त्यांनी तेवढंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पापडीहून सुरुचीची आई, यमुनाबाई, भेटायला आल्या. त्यांनी कसलाही आरोप केला नाही. शेजारी बसून हलकेच विचारलं, "विहीणबाई, तुम्ही होतात ना तिथे? माझ्या पोरीला फार दुखलं का हो?"

नर्मदाबाई उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि थेट पोलीस ठाणं गाठलं.

"माझा जबाब खोटा आहे," त्या म्हणाल्या. "नवा लिहून घ्या."

त्याच संध्याकाळी पियुषला अटक झाली. अक्षया पापडीला आजोळी राहायला गेली. इकडे धाकटे दीर गंगाराम उठता बसता वहिनींची समजूत घालू लागले.

"सून तर गेलीच. आता पोटचा पोरही घालवणार? कोर्टात फक्त म्हणा, मी काही पाहिलं नाही."

"पाहिलंय, भाऊजी."

"आई आहात की कोण?"

"आईच आहे. म्हणून तर पहिल्यांदा खोटं बोलले. आता नाही बोलणार."

गंगारामांनी येणं टाकलं. भावकीतल्या लग्नांची बोलावणी बंद झाली. केळीचे लोंगर, ते मोठाले घड, उतरवायला कोणी येईना, तेव्हा नर्मदाबाईंनी स्वतः कोयता हातात घेतला. कोर्टातल्या तारखा पडत राहिल्या. कधी वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. नर्मदाबाई दर तारखेला वसईला जायच्या, बाकावर बसून राहायच्या आणि पुढची तारीख विचारूनच उठायच्या.

पाचव्या वर्षी त्यांचं नाव पुकारलं गेलं. समोर पियुष उभा होता. त्याच्या कानाजवळचे केस पिकले होते. त्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग पाहिलेलं सगळं सांगितलं, काही न वगळता.

आरोपीचे वकील उठले. त्यांनी पहिला जबाब वाचून दाखवला.

"बाई, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता. तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा बोलले."

"कशावरून?"

नर्मदाबाईंनी कठड्यावरचा हात काढला नाही. "साहेब, तेव्हाच्या बोलण्याने माझा पोरगा सुटणार होता. आताच्या बोलण्याने तो अडकणार आहे. असलं खोटं कुठली आई बोलेल?"

वकिलांनी आणखी तासभर उलटसुलट विचारलं. त्या एका शब्दानेही हलल्या नाहीत.

महिन्याभराने निकाल लागला. जन्मठेप. पोलीस पियुषला नेत असताना नर्मदाबाई वाटेत उभ्या राहिल्या.

"आता समाधान झालं?" त्याने विचारलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "तू अपील कर, तो तुझा हक्क आहे. भेटायलाही येईन मी. पण मला पुन्हा बोलावलं, तर हेच सांगेन."

तो पुढे गेला. नर्मदाबाई भिंतीला टेकल्या, पदराने तोंड पुसलं. यमुनाबाई पाण्याची बाटली घेऊन जवळ आल्या. दोन घोट पिऊन नर्मदाबाईंनी विचारलं,

"रविवारी अक्षयाला भेटायला आले, तर चालेल?"

"या," यमुनाबाई म्हणाल्या. "जेवायलाच या."