स्नायू आहेत तेवढेच आहेत!

मंडळी, आत्ताच ठाण्याहून डोंबिवलीला घरी पोचले आणि आधी तुम्हाला सांगतेय.

मला स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे. स्नायू हळूहळू कमी होतात आणि त्यांच्या जागी चरबी साठते. गेल्या वर्षी वजन अजिबात बदललं नव्हतं, म्हणून आम्ही निवांत होतो. स्कॅन केल्यावर कळलं, आत स्नायू घटलेत आणि चरबी वाढलीय.

तेव्हा डॉक्टरांनी आईला समजावलं, "काकू, हिचे स्नायू कमी, त्यामुळे शरीराला लागणारी ऊर्जाही कमी. तुपातल्या शिऱ्याने ताकद येणार नाही, चरबीच वाढेल."

मला ताकद यावी म्हणून रोज शिरा करणाऱ्या आईला ते फार लागलं. पण दुसऱ्या दिवसापासून मुगाची धिरडी, अंडी, दही सुरू झालं. मी कितीही चिडले तरी ती बधली नाही.

आज पुन्हा स्कॅन होतं. डॉक्टर म्हणाले, "चरबी थोडी उतरलीय. स्नायू गेल्या वर्षीइतकेच आहेत."

"म्हणजे वाढले नाहीत?" आईचा चेहरा पडला.

"काकू, या आजारात ते टिकले हेच खूप झालं. कमाल केलीत तुम्ही!"

बाहेर येताच आईने मावशीला फोन लावला आणि आनंदाने ओरडली, "अगं, हिचे जराही कमी झाले नाहीत!"

बाकावरच्या अनोळखी काकांनी विचारलं, "मुलीचा निकाल लागला का?"

"हो, पास!" आई म्हणाली. मला हसता हसता रडू आलं.

तुमच्या घरी ‘आहे तसंच आहे’ याचा कधी एवढा आनंद झालाय? सांगा ना!